सहा मिलिमीटरचा सिमेंट पत्रा: घ्यावा का?

दुकानात ‘सिमेंटचा पत्रा’ म्हणून जो नाळीचा पत्रा मिळतो, त्यात सिमेंट आणि फ्लाय ॲशच्या (कोळशाच्या बारीक राखेच्या) जोडीला साधारण ८ ते १० टक्के क्रिसोटाइल, म्हणजे पांढरा ॲस्बेस्टॉस हे धागेदार खनिज असते. पत्र्याला ताकद येते ती याच धाग्यांमुळे. भारतात ॲस्बेस्टॉसच्या खाणींना नवे पट्टे १९८६ पासून मिळत नाहीत. धागा रशिया, कझाकस्तान, ब्राझीलहून येतो. खोदायला मनाई, घरावर घालायला नाही!

गुण आहेत, ते नाकारू नयेत. गंजत नाही, त्यामुळे खाडीकाठी आणि गोठ्यावर लोखंडी पत्र्यापेक्षा सरस. पावसात ताशा वाजत नाही. किंमतही खिशाला झेपणारी.

खरी अडचण बसवताना सुरू होते. पत्र्याखालच्या आडव्या पाइपांमधले अंतर १.४ मीटरच्या आत हवे, वरचा पत्रा खालच्यावर १५० मिलिमीटर चढायला हवा. भोक नाळीच्या माथ्यावर, पत्रा पाइपला धरणाऱ्या ८ मिलिमीटरच्या हूकला १० मिलिमीटरचे. नट आवळून टाकला की उन्हापावसात पत्र्याला सरकायला जागा उरत नाही आणि भोकापासून चीर धावते. जिथे चार पत्रे एकत्र येतात तिथे मधल्या दोघांचे कोपरे तिरके कापावेच लागतात. नाही कापले तर चार थरांची चवड होते, पत्रा डुगडुगतो आणि हूकपाशी तडकतो.

आणि हे कोपरे आपल्याकडे कापले जातात ग्राइंडरने. सुक्या पत्र्यावर चकती टेकली की जो पांढरा धूर उठतो, त्यातले बारीक धागे डोळ्यांना दिसत नाहीत. फुप्फुसात खोल जातात आणि शरीराला ते विरघळवता येत नाहीत. ॲस्बेस्टॉसिस (फुप्फुसावर व्रण पडून दम लागणे), फुप्फुसाचा कर्करोग, मेसोथेलिओमा (फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग) हे आजार वर येतात २० ते ४० वर्षांनी. तोवर मिस्त्री कोण होता हेही कोणाला आठवत नाही. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कितीतरी पटींनी जास्त. तोंडावर बांधलेला रुमाल इथे शून्य कामाचा.

छपरावर धड असलेला जुना पत्रा मात्र घाईने उतरवू नये. त्याला खरवडले नाही, तर तो फारसे धागे सोडत नाही. पावसाळ्याआधी तारेच्या ब्रशने शेवाळ घासणे, माकडांनी फोडलेल्या पत्र्याचे तुकडे हातोडीने ठेचून अंगणात भर घालणे, ही कामे वाईट. फुटलेला काठ जवळून पाहिला तर कापसाच्या तंतूंसारखी लव दिसते. तिथे हात लावू नका. पत्र्यावर थेट पाय ठेवणेही धोक्याचे, आडव्या फळ्या टाकूनच चढावे. तो न करकरता एकदम फुटतो.

उतरवायचाच असेल तर आधी पाण्यात भांड्यांचा साबण कालवून पत्रा भिजवा, हूक कापा, पत्रा नव्हे. अख्खाच खाली घ्या, जाड प्लास्टिकच्या दोन थरांत गुंडाळा. एफएफपी-३ मास्क (अतिबारीक धूळ अडवणारा) घाला, कपडे झटकू नका, झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा.

नव्या छपरासाठी आम्ही हा पत्रा सुचवणार नाही. पीव्हीए या कृत्रिम धाग्याचा ॲस्बेस्टॉसविरहित फायबर सिमेंट पत्रा मागा, पण तोंडी खात्रीवर घेऊ नका: पत्र्यावरचा छाप वाचा आणि बिलावर ‘ॲस्बेस्टॉसविरहित’ लिहून घ्या. आडव्या पाइपांचे अंतर मात्र त्या कंपनीच्या तक्त्याप्रमाणेच ठेवा.