मॅप २००९चे, पाय २०२३चे: मॉडर्न वॉरफेअर थ्रीचं मल्टिप्लेअर

आधीच सांगून टाकतो, कॉल ऑफ ड्यूटी सिरीजमधला हा शूटर गेम मी फक्त जुन्या मॅप्ससाठी घेतला, एकट्याने खेळायच्या कॅम्पेनचं मला काही विचारू नका, दोन मिशन केली आणि सोडून दिलं. ओरिजिनल मॉडर्न वॉरफेअर टू आला १० नोव्हेंबर २००९ला आणि हा थ्री आला १० नोव्हेंबर २०२३ला, म्हणजे बरोब्बर चौदा वर्षांनी त्याच तारखेला, आणि लाँचला सहा-सहाच्या मल्टिप्लेअरचे सोळाच्या सोळा मॅप त्या जुन्या गेममधलेच. टर्मिनल, हायराइज, फवेला, रस्ट, स्किडरो, अफगाण... यादी वाचूनच हात शिवशिवायला लागले राव.

पहिलीच मॅच हायराइज मिळाली. जुन्या सवयीने ऑफिसच्या खिडकीशी जाऊन उभा राहिलो, डोक्यात हिशोब पक्का की खालच्या बोगद्यातून कोणी वर यायला अजून वेळ आहे, तोवर क्रेनवर चढणारा एखादा टिपू. पाठीतच गोळ्या खाल्ल्या. किलकॅम, म्हणजे मारणाऱ्याच्या नजरेतला रिप्ले, बघतो तर तो पठ्ठ्या टॅक स्प्रिंट (थोडाच वेळ टिकणारी जास्तीची धाव) मारत, वळणावळणावर स्लाइड कॅन्सल (घसरणं मधेच तोडून लगेच पळायला लागणं) करत कधीचाच वर पोचला होता. मॅप तोच, जिना तोच, माझा हिशोब तेवढा जुना.

आणि माझं सगळं म्हणणं इथेच येतं. शूटरचा मॅप सेकंदांवर बेतलेला असतो. स्पॉनपासून, म्हणजे खेळाडू जिथे उगवतो तिथून, मधल्या जागेपर्यंत दोन्ही टीम साधारण एकाच वेळी पोचल्या पाहिजेत, आणि बाजूने वळसा घालणाऱ्याला थोडा जास्त वेळ लागला पाहिजे, कारण तो फिरतोय तोवर त्याची टीम मधे एका माणसाने कमी असते. २००९मध्ये स्प्रिंट संपायचा. न संपणारा हवा तर मॅरेथॉन पर्क, म्हणजे निवडून घ्यायची खास क्षमता, लावा, आणि मॅरेथॉन लावला की त्याच स्लॉटमधला स्लाइट ऑफ हँड गेला, म्हणजे पळा नाहीतर पटकन रीलोड करा, दोन्ही नाही. आता टॅक स्प्रिंट सगळ्यांना फुकट, वर साधं पळता पळता तो परत भरतो, कठडे-खिडक्या ओलांडणंही फास्ट. भिंती जागच्या जागी ठेवून वळशाचा वेळ कापलाय, त्यामुळे मधली लेन धरून बसणाऱ्याचं महत्त्व आपोआप उतरलं. टर्मिनलमध्ये पूर्वी दोघं तिघं विमान पकडून बसले की समोरच्यांना घाम फुटायचा, आता विमानात बसलेला माणूस म्हणजे आयतं गिऱ्हाईक.

त्यात पीकर्स अ‍ॅडव्हांटेज, म्हणजे कोपऱ्यातून बाहेर येणाऱ्याला मिळणारा फायदा, आहेच. तुम्ही कोपरा धरून गप्प बसलाय, म्हणजे तुम्ही कुठे आहात हे समोरच्याच्या स्क्रीनवर आधीपासून बरोबर आहे. तो कोपऱ्यातून बाहेर पडला ही बातमी मात्र सर्व्हरमार्फत तुमच्याकडे थोडी उशिरा येते, तेवढा वेळ तो तुम्हाला बघतोय आणि तुम्ही रिकामी भिंत. हे सगळ्याच ऑनलाइन शूटरमध्ये असतं, पण माणूस जितक्या जोरात बाहेर येतो तितका हा फरक जास्त टोचतो. म्हणजे आधी मॅपने बसणाऱ्याचा वेळ खाल्ला आणि उरलेला नेटवर्कने.

याला उतारा म्हणून हेल्थ, म्हणजे मार सोसायची ताकद, १०० वरून १५० केलीय आणि ते मला पटलं, कितीही जण बोंबलले तरी. पाठीत पहिल्या दोन गोळ्या लागल्यावर निदान वळायला तरी मिळतं. तोटा एवढाच की एकट्याने दोघांना अडवणं जवळपास बंद झालं, पहिल्याला पाडेपर्यंत दुसरा अंगावर आलेला असतो.

मोठ्या मॅप्सचं वेगळंच दुखणं. मला वाटलं होतं एवढा स्पीड आल्यावर डीरेल, इस्टेट, वेस्टलँड हे अगडबंब मॅप आता आटोपशीर वाटतील, पण झालं उलटंच. स्लाइड कॅन्सल कामाला येतो तो जवळपास आडोसा असला तर. डीरेलच्या बर्फात उघड्यावर कितीही घसरा, स्नायपरला तुम्ही फक्त थोडे बुटके दिसता. इस्टेटमध्ये टेकडीवरचं घर ज्याचं त्याची मॅच, हे तेव्हाही होतं, आताही आहे. चार-चारच्या प्रो मॅचेसमध्ये हे मॅप घेतलेच नाहीत ते उगीच नाही. तिथे खेळले गेले ते हायराइज, कराची, इन्व्हेजन, म्हणजे जिथे दर दहा पावलांवर एखादं दार, खिडकी, मोडकी भिंत आहे असले.

ठराविक जागा ताब्यात ठेवून पॉइंट मिळवायचा हार्डपॉइंट हा मोड तर आला २०१२मध्ये, ब्लॅक ऑप्स टूबरोबर, म्हणजे हे मॅप बनले तेव्हा तो या सिरीजमध्ये नव्हताच. मग काही हिल, म्हणजे ताब्यात ठेवायच्या त्या जागा, अशा कोपऱ्यात बसवल्यात की बघून हसू येतं. आणि स्पॉन, अरे देवा. गेम तुम्हाला शक्यतो शत्रूपासून लांब स्पॉन करतो, ठीक, पण आमच्यातला एखादा उत्साही गडी पाच सेकंदांत अर्धा मॅप ओलांडून त्यांच्या घरात घुसला की स्पॉन पलटतो, आणि मी आत्ता ज्याला मारला तो माझ्याच मागे उगवतो. स्किडरोवर एकाच माणसाने मला सलग तीनदा असं मारलं, त्या लांबड्या कॉरिडॉरच्या आधी या टोकाला आणि मग त्या टोकाला. चूक आमच्या उत्साही गड्याची, हे मान्य. शिव्या मात्र मी टीव्हीला घातल्या.

हेलो या दुसऱ्या शूटर सिरीजवाल्यांनी हेच कोडं दुसऱ्या बाजूने सोडवायचा प्रयत्न केला होता. हेलो थ्रीमध्ये, २००७ला, स्प्रिंट नव्हताच. नंतरच्या हेलो रीचमध्ये तो निवडून घ्यायची गोष्ट झाला, २०१२च्या हेलो फोरमध्ये सगळ्यांना मिळाला आणि २०१५च्या हेलो फाइव्हमध्येही राहिला, पण पळत असताना शील्ड (अंगावरचं संरक्षक कवच) भरत नाही अशी अट घालून. म्हणजे पळा, पण किंमत मोजा. इथे किंमत फारच कमी लावलीय. २०२२ला त्याच जुन्या नावाने आलेल्या नव्या मॉडर्न वॉरफेअर टूने स्लाइड कॅन्सल काढला तेव्हा बोंबा मारणाऱ्यांत मीही होतो, आता परत आणलाय तर मलाच झेपेना. तसा २०१९च्या मॉडर्न वॉरफेअरसारखा पूर्ण मोकाट नाही सोडलेला, स्लाइड कॅन्सल केला म्हणून टॅक स्प्रिंट लगेच भरत नाही. तेवढं तरी बरं.

मॅप व्होटिंग परत आलं आणि सायलेन्सर न लावता गोळी झाडली की मिनिमॅपवर (कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावर) लाल ठिपका परत आला, या दोन गोष्टींना पैकीच्या पैकी. बसून खेळणाऱ्याला आता तेवढाच काय तो आधार, फक्त समोरच्याने सायलेन्सरबरोबर कव्हर्ट स्नीकर्स घातले असतील तर पावलांचाही आवाज येत नाही, मग रामराम.

घ्यायचा का? पळून खेळणारे असाल तर डोळे मिटून घ्या. माझ्यासारखे खिडकीवाले असाल तर सेटिंगमध्ये जाऊन ऑटोमॅटिक टॅक्टिकल स्प्रिंट चालू करा, स्लाइडचं बटण अंगठा स्टिकवरून न उचलता दाबता येईल असं ठेवा आणि पहिला आठवडा स्कोअरबोर्ड बघू नका. माझा केडी, म्हणजे किती मारले भागिले किती वेळा मेलो, अजून एकच्या खालीच आहे, हायराइजला मत मात्र दर वेळी देतो.