युद्धकाळातल्या गृहिणी: कादंबरी की रोजनिशी?

वाचनगटातल्या एका ताईंचा प्रश्न आहे: दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश गृहिणींविषयी वाचायला कादंबरी घेऊ की खरी रोजनिशी? मलपृष्ठावरची स्तुती बाजूला ठेवून सांगते.

भरवसा रोजनिशीवर जास्त. इंग्लंडमधल्या बॅरो-इन-फर्नेसच्या गृहिणी नेला लास्ट १९३९पासून ‘मास ऑब्झर्व्हेशन’ या, सामान्य लोकांच्या रोजनिशा गोळा करणाऱ्या संस्थेसाठी रोजनिशी लिहीत होत्या. १९४१मध्ये त्यांच्या गावावर बॉम्ब पडले, तेव्हा युद्ध कोण जिंकणार हे त्यांना ठाऊक नव्हतं. कादंबरीकाराला ते ठाऊक असतं आणि नकळत पात्रांच्या धीटपणात उतरतं. माझ्या मते हा फार मोठा फरक आहे.

पण रोजनिशी लिहायला थोडी उसंत लागते. डिसेंबर १९४१च्या कायद्याने २० ते ३० वर्षांच्या अविवाहित स्त्रियांना युद्धकामाची सक्ती झाली. दारूगोळ्याच्या कारखान्यातून थकून परतणाऱ्या कितीजणींना लिहायचं त्राण उरत असेल? त्यांच्यापर्यंत पोचायला चांगली कादंबरीच हवी. शरीराविषयी, नवऱ्यावरच्या रागाविषयी बाई वहीतही हात आखडता घेते. कादंबरी तिथे शिरू शकते.

मेहनत रोजनिशीला अधिक. तेच तेच येतं, आणि जानेवारी १९४०पासून लोणी-साखर मोजून मिळत होती, असले संदर्भ आपणच शोधायचे.

सलग गोष्ट हवी असेल, युद्धाचा इतिहास नवा असेल, तर कादंबरी घ्या. त्या काळावर स्वतः लिहायचं असेल किंवा रोज चार पानं सावकाश वाचायची सवय असेल, तर रोजनिशी.