बोटीच्या व्ही-8 इंजिनाला कार्बोरेटर: होली की एडलब्रॉक?

मर्क्रूझर कंपनीचं 5.7 किंवा 7.4 लिटरचं इंजिन असलेली जुनी बोट घेतली की कार्बोरेटरचा प्रश्न येतोच. अमेरिकेत त्यासाठी दोनच नावं पुढे केली जातात: होलीचा 4150/4160 जातीचा मरीन (बोटीसाठीचा), नाहीतर एडलब्रॉकचा 1409 (600 सीएफएम, म्हणजे मिनिटाला 600 घनफूट हवा) किंवा 1410 (750). अश्वशक्तीत म्हणावा असा फरक पडत नाही. कार्बोरेटर उघडायची वेळ तुमच्यावर किती वेळा येणार, यावर निवड करा.

आधी मापाचं बघू. 7.4 लिटर म्हणजे 454 घनइंच. घनइंच गुणिले जास्तीत जास्त आरपीएम, भागिले 3456: 454 × 4800 ÷ 3456 = जेमतेम 630 सीएफएम, म्हणजे 750 पुरून उरतो. 5.7 ला (350 घनइंच) 486 निघतात, तिथे 600 भरपूर झाला. स्वस्त मिळतो म्हणून गाडीचा कार्बोरेटर मात्र बसवू नका. मरीनच्या व्हेंट नळ्या आत वळवलेल्या असतात, त्यामुळे उतू गेलेलं पेट्रोल इंजिनातच जातं. गाडीच्या कार्बोरेटरमधून ते बाहेर सांडतं आणि त्याची वाफ बिल्जमध्ये (बोटीच्या तळाच्या पोकळीत) साठते.

बोट म्हणजे कायम घाट चढत असलेली गाडी. 3200 आरपीएमला निवांत चाललीय असं वाटतं, पण लोड चालूच असतो आणि मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) व्हॅक्यूम गाडीच्या मानाने कमी असतो. मिक्श्चर लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) राहिलं तर इथे पिस्टन जळतो. म्हणून जास्तीचं पेट्रोल नेमकं कधी सुरू होतं, हेच ट्यूनिंगचं मर्म.

होलीत हे काम पॉवर व्हॉल्व्ह करतो. 6.5 नंबरचा व्हॉल्व्ह व्हॅक्यूम साडेसहा इंचांच्या (पाऱ्याच्या) खाली गेला की उघडतो. क्रूझिंगला गेज सहा-सातच्या आसपास नाचत असेल तर तो उघडझाप करत राहतो, 8.5 चा टाका. पण त्यासाठी बाउल (पेट्रोल साठवणारी वाटी) काढायचा, म्हणजे चार स्क्रू आणि आतलं सगळं पेट्रोल. खाली भांडं आणि फडकं हवंच, आणि पुन्हा स्टार्टर मारण्याआधी किमान चार मिनिटं ब्लोअर (वाफ बाहेर फेकणारा पंखा). जेट (पेट्रोल मोजून सोडणारं छिद्र) बदलतानाही हाच खटाटोप. बाउलची गॅस्केटं पेट्रोलच्या पातळीखाली असल्याने जुन्या कार्बोरेटरमध्ये ती पाझरतात.

एडलब्रॉकचं पेट्रोल अखंड बॉडीत असतं, पातळीखाली गॅस्केटच नाही. वरच्या दोन छोट्या झाकणांचा एकेक स्क्रू काढला की मीटरिंग रॉड (जेटमध्ये बसून पेट्रोल कमी-जास्त करणारी सळई) आणि स्प्रिंग हातात येतात, थेंबही सांडत नाही. व्हॅक्यूम ज्या आकड्याखाली गेला की स्प्रिंग रॉड उचलून पेट्रोल वाढवते, त्यानुसार स्प्रिंगचे रंग: निळी 3 इंच, पिवळी 4, नारिंगी 5, गुलाबी 7, रुपेरी 8. क्रूझिंगला व्हॅक्यूम सहा इंच आणि बसवलेली नारिंगी असेल, तर गुलाबी टाकून बघा. रॉड पातळ घेतला की मिक्श्चर रिच, म्हणजे पेट्रोल जास्त.

मग होली घ्यायचा कशाला? मोठा कॅम, उंच मॅनिफोल्ड आणि सतत फुल थ्रॉटल असेल तर. 4150 मध्ये पुढचे-मागचे जेट, पंप कॅम, स्क्वर्टर (थ्रॉटल उघडताच पेट्रोलची पिचकारी मारणारे भाग), सगळं वेगवेगळं जुळवता येतं. फ्लोटची पातळीही बाहेरून, नट-स्क्रूने बसते. एडलब्रॉकला त्यासाठी वरचं झाकणच काढावं लागतं (फ्लोट 7/16 इंच). शिवाय एडलब्रॉक पेट्रोलच्या प्रेशरच्या बाबतीत नाजूक. 5.5 पीएसआय उत्तम, 6.5 च्या वर पेट्रोल रोखणारी निडल तग धरत नाही, आणि लाटांमधून येऊन आयडलला आलात की इंजिन फ्लड होऊन बंद पडतं.

आयडलची रीत दोघांचीही एकच. इग्निशन टायमिंग आधी बसवा, फ्लेम अरेस्टर (बॅकफायरची ज्वाळा अडवणारी जाळी) लावलेलाच ठेवा. मिक्श्चर स्क्रू अलगद बंद करून दीड आटा उघडा, मग व्हॅक्यूम सर्वाधिक होईपर्यंत पाव-पाव आटा. हे गरम इंजिनावर आणि पाण्यात करा. गिअर टाकल्यावर पुन्हा तपासा. स्क्रू पूर्ण बंद करूनही इंजिन चालूच राहिलं तर थ्रॉटल प्लेट जास्त उघडी असते, किंवा होलीचा पॉवर व्हॉल्व्ह फाटलेला असतो. 1992 च्या आधीच्या होलीत बॅकफायरने तो सर्रास फाटायचा, म्हणून सेकंडहँड घेताना पैसे द्यायच्या आधी हीच चाचणी करून घ्या.