डी-80: बिनवासाच्या तेलाचा चार महिन्यांचा अनुभव

बनाटी मी कोल्हापुरात वस्तादांकडे शिकले. तेव्हा तेल कुठलं वापरायचं हा प्रश्नच नव्हता. काठीच्या दोन्ही टोकांना जुन्या धोतराचे बोळे तारेने करकचून आवळायचे, रॉकेलात बुडवायचे आणि पेटवायचे. शिवजयंतीच्या मिरवणुकीत धूर आभाळात गेला तर कोण विचारतंय? आता पुण्यात लग्नाच्या संगीताला पोई (साखळीच्या टोकाला पेटती वात) फिरवते, तिथे मात्र विचारतात. गेल्या वर्षी एका लॉनवर माझ्या रॉकेलची काजळी वाऱ्याबरोबर नेमकी वरमाईच्या मोतिया पैठणीवर जाऊन बसली. ठरलेले पैसे मिळाले, पण त्या मंडळींकडून पुन्हा फोन आला नाही.

मग तेलं बदलून पाहायला लागले. पहिला पोपट मेडिकलमध्ये झाला. बाहेरच्या देशातले सगळे ‘पॅराफिन, पॅराफिन’ म्हणतात, म्हणून लिक्विड पॅराफिनच्या चार बाटल्या आणल्या. ते बद्धकोष्ठाचं औषध निघालं. वात चिंब भिजली, लायटरमधला गॅस संपत आला, तरी ती आपली मख्ख. दुकानदार मात्र बाटल्या देताना माझ्याकडे फार सहानुभूतीने बघत होता.

स्पिरिटला धूर नाही, पण ज्वाळा निळी आणि फिकी. लॉनवरच्या दिव्यांत ती दिसतच नाही आणि दीड मिनिटात खेळ खलास. शिवाय विझली समजून हात लावला तर बसलाच चटका.

पेट्रोल वापरून पाहिलेलं नाही, पाहणारही नाही. गोव्यात हरमलच्या किनाऱ्यावर संध्याकाळी ढोल वाजवत बसतात, तिथे एका पोराने रॉकेल लवकर पेटावं म्हणून डब्यात थोडं पेट्रोल ओतलं होतं. ‘थोडंच तर आहे’ म्हणाला. पेट्रोलची वाफ शून्याखाली चाळीस अंशांनाही पेट घेऊ शकते, आणि मिश्रण वागतं ते त्यातल्या हलक्या तेलासारखं. वाफ हवेपेक्षा जड, त्यामुळे ती वाळूलगत पसरते. त्याने वात पेटवली आणि दोन हातांवरच्या उघड्या डब्याने भप्पकन पेट घेतला. कोपरापर्यंतचे केस जळाले, एवढ्यावर निभावलं.

तर डी-80. हे रॉकेलच्याच कुळातलं, पण त्यातली अॅरोमॅटिक द्रव्यं जवळजवळ काढून टाकलेली, म्हणून वास आणि काजळी कमी. नावातला आकडा साधारण फ्लॅश पॉइंट सांगतो, म्हणजे ऐंशी अंशांच्या आसपास तापल्याशिवाय त्याची वाफ पेट घेण्याइतकी होत नाही. याचंच भावंड डी-40, ते चाळिशीतच पेटतं. आपल्या पेट्रोलियम कायद्यात 23 अंशांखालचं ते ‘अ’ वर्गात, 23 ते 65 ‘ब’ आणि 65 ते 93 ‘क’. म्हणजे रॉकेल ‘ब’, हे ‘क’. गाडीच्या डिकीत कॅन घेऊन फिरणाऱ्या माझ्यासारखीला हा एका अक्षराचा फरक फार मोठा वाटतो.

घेताना एक कटकट झाली. पेठेतल्या एका केमिकलच्या दुकानात पाच लिटर मागितलं तर मालकाने दुसऱ्याच कशाचं तरी अर्धवट फाटलेलं लेबल असलेला कॅन पुढे केला. “ताई, एकच असतंय ते.” एकच नसतं हो! माहितीपत्रक मागितलं तर हसला. दुसऱ्या दुकानात गेले, सीलबंद कॅन आणि कागद दोन्ही घेतलं. रॉकेलच्या दुपटीहून महाग पडलं, पण लेबलवर काय लिहिलंय ते वाचता आलं.

घरी गच्चीवर तीच पोई, तीच केव्हलारची (आगीत टिकणाऱ्या धाग्याची) वात, आणि मोबाइलवर वेळ लावली. रॉकेल चार मिनिटांच्या जरा आत विझलं, डी-80 सव्वाचार मिनिटं चाललं. ज्वाळा तशीच पिवळीधमक, धूर बराच कमी. अजिबात नाही असं नव्हे. विझता विझता ते काळं ओकतंच, म्हणून ज्वाळा बारीक व्हायला लागली की मी ओल्या गोणपाटात वात दाबून मोकळी होते.

तक्रारी आहेत. एक म्हणजे ते पेटायला रडतं. गार वातीला लायटर लावून वीस सेकंद उभं राहायचं, तोवर डीजेवाल्याचं गाणं पुढे निघून जातं. वातीच्या खालच्या कडेला ज्योत धरली तर आग आपली आपण वर चढते, हे मला तिसऱ्या कार्यक्रमात कळलं. दुसरी तक्रार फरशीची. ते पटकन उडून जात नाही, म्हणून वात नीट झटकली नाही तर थेंब पडतात आणि ग्रॅनाइटवर पाय सटकतो. मी आता डब्यातच दहा-बारा झटके देते, मग झाकण लावून डबा लांब ठेवते. वात गरम असताना परत बुडवायची नाही, हे तेल कुठलंही असो.

तिसरी गोष्ट वस्तादांनी फोनवरच सांगितली होती. मी कौतुकाने म्हटलं, याला वासच नाही. ते म्हणाले, “रॉकेलला वास हाय म्हणून मानूस भितंय. बिनवासाचं लई वंगाळ.” मला वाटलं, म्हातारपण बोलतंय. पंधरा दिवसांनी कॅन पुसताना बाही भिजली आणि मला पत्ताच लागला नाही. पेटवायला हात पुढे केला तेव्हा मनगटाला गार लागलं, म्हणून लायटर खाली ठेवला. रॉकेल असतं तर नाकानेच ओरडून सांगितलं असतं. आता तेलाचं काम वेगळ्या जुन्या शर्टात करते आणि आगीजवळ जाण्याआधी तो बदलते.

हॉलमध्ये, लॉनवर आता मी हेच वापरते, पाचपैकी चार गुण. एक गुण पेटण्याच्या रडगाण्यासाठी कापला. कापडी बोळ्यांच्या बनाटीवर ते कसं जळतं ते अजून पाहिलेलं नाही. शिवजयंतीला दोन लिटर घेऊन येते म्हटलं तर वस्ताद म्हणाले, “आण, बघू. पर रॉकेलचा डबा बी भरून ठेवतो.”