पल्स मिग वेल्डिंग मशीनच्या नावाखाली ९२,५०० रुपयांना गंडवलं, फॅब्रिकेशनवाल्यांनी वाचाच

पैसे परत येण्याची आशा मी सोडली आहे. पण हा माणूस नवी मुंबईच्या रबाळे-महापे पट्ट्यात अजून गिऱ्हाईकं शोधत असणार, म्हणून लिहितोय.

ठाणे शहरात वागळे इस्टेटमध्ये माझं फॅब्रिकेशनचं छोटं काम आहे. डिस्प्ले रॅकची ऑर्डर आली. २५ मिमीचा गोल ॲल्युमिनियम पाईप, जाडी १.२ मिमी. इतक्या पातळ पाईपला एसी टिग वेल्डिंगच बरं, पण ते हळू होतं आणि जोड खूप, मुदत कमी. मिगमध्ये वायर आपोआप पुढे येते, काम झटपट होतं. तेवढ्यात जाहिरात दिसली: सेकंडहँड डबल पल्स मिग (करंट ठोक्याठोक्याने सोडणारी), २०० अँपिअर, सोबत स्पूल गन, म्हणजे वायरचं रीळ गनवरच असलेली. टोकन ५,०००, मशीनचे ७३,०००, गनचे १४,५००. विकणाऱ्याने सगळे यूपीआयवर घेतले आणि बिल नंतर पाठवतो म्हणाला. बिल हातात पडल्याशिवाय एक रुपया सोडू नका.

डेमो दिला तो ४ मिमीच्या पट्टीवर. मी म्हटलं, पाईपवर मारून दाखव. तर म्हणे, "शेठ, पातळ पाईप आत्ताच संपला, हा कालचा पीस बघा," आणि जोडलेला पाईप हातात ठेवला. तो क्षण अजून डोक्यातून जात नाही. जोडावर एकसारख्या बारीक लहरी आणि कडेला काजळीचा ठिपकासुद्धा नाही. ५३५६ नंबरच्या ॲल्युमिनियम वायरने मिग मारली की जोडाच्या बाजूला काळी पूड बसतेच. तो जोड टिगचा होता! माझ्या नजरेला ते खटकलं, मी विचारलंही. "ब्रशने साफ केलाय," म्हणाला. समोर मशीन चालू होती, स्पूल गन अस्सल होती, डोक्यावर ऑर्डरची तारीख होती. माझ्या जागी कुणीही पैसे दिले असते.

खरी मेख त्या गनमध्येच आहे. ॲल्युमिनियमची मऊ वायर लांब लायनरमधून (वायरच्या नळीतून) ढकलली की रोलरपाशी गुंता होतो, तो स्पूल गनने टळतो. बस्स, तेवढंच. पाईपला होल पडणं गन थांबवत नाही. उष्णता आवरायचं काम पल्सचं. हे लोक गन दाखवतात आणि पल्सचे पैसे घेतात. आपला पाईप घेऊन जा, आपल्या हाताने मारून बघा.

मशीन आणून शुद्ध आर्गन गॅस लावला, वायर नवी, पाईप स्टेनलेसच्या ब्रशने घासलेला. तरी करंट वाढवला की होल, कमी केला की जोडावर नुसते गोळे. ६,८४० रुपयांचे पाईप भंगारात गेले. शेवटी मेकॅनिकने मशीन उघडली, तर पल्सच्या बटणामागे वायरच नाही. अख्खं पॅनल म्हणजे वरून चिकटवलेला स्टिकर, खाली साध्या मिगचं जुनं पॅनल. तसाच त्याच्या गाळ्यावर गेलो. शटरला कुलूप, आणि मालक म्हणतो भाडेकरू गेला.

मग पोलीस. ठाणे शहरातले पोलीस म्हणाले, व्यवहार नवी मुंबईच्या हद्दीत झाला, तिकडे जा. तिकडे म्हणाले, पैसे ठाण्यातून पाठवलेत, आणि मशीन तर मिळाली ना? मग ही दिवाणी बाब. साहेब, दगड भरलेला खोका दिला असता तर ‘खोका मिळाला ना’ म्हणाला असता? हद्द कुठलीही असो, गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यायची असं नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे, १ जुलै २०२४ पासून. ते सांगितलं तर ‘कायदा शिकवू नका’. आम्ही कर भरायचा, वर यांच्या बाकड्यावर बसून राहायचं! या हेलपाट्यांत सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर, १९३० वर, फोन करायला उशीर झाला, तोवर त्याचं खातं रिकामं. तुम्ही आधी १९३० लावा, चौकी नंतर. बँकेने तर ‘पिन तुम्हीच टाकलात’ म्हणून हातच झटकले.

त्या पट्ट्यात कुणी सेकंडहँड पल्स मिग दाखवत असेल, तर पैशाचं बोलण्याआधी पॅनलच्या कोपऱ्यात नख घालून बघा. माझ्या मशीनचा स्टिकर उजवीकडून खालून सुटला.