‘कार्डिऑइड’ म्हणून विकलेले दोन माइक : माझ्या फसवणुकीचा अनुभव

मी व्हायोलिन वाजवते आणि आमच्या चौघांच्या वाद्यवृंदासाठी ध्वनिसाहित्य घेण्याचे काम बहुतेक वेळा माझ्याकडेच येते. मंचावर व्हायोलिन आणि बासरी यांच्या पाठीशीच ड्रम असल्यामुळे समोरचे वाद्य घेणारा आणि मागचा आवाज टाळणारा, म्हणजेच कार्डिऑइड, माइक आम्हाला हवा होता. असे म्हणून जे दोन नग मी विकत घेतले, ते प्रत्यक्षात चारही बाजूंनी जवळजवळ सारखेच ऐकणारे निघाले, आणि हे माझ्या लक्षात येईपर्यंत माल परत करण्याची मुदत उलटून गेली होती.

जाहिरात नीटनेटकी होती. मोठ्या डायफ्रॅमचा कंडेन्सर, कार्डिऑइड, असे ठळक अक्षरांत लिहिलेले होते. (डायफ्रॅम म्हणजे आवाजाने थरथरणारा पडदा आणि कंडेन्सर म्हणजे बाहेरून वीज लागणारा माइक.) सोबत माइक कोणत्या दिशेने किती ऐकतो ते दाखवणारा तो परिचित हृदयाकृती आलेख होता. माइक हातात घेतल्यावर भरीव लागत होता आणि त्याच्या अंगावर दोन बटणे होती, एक खालचे सूर कापणारे आणि दुसरे पातळी १० डेसिबलने उतरवणारे. मी शंका काढली तेव्हा विक्रेत्याने मिक्सरवरची ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे केबलमधूनच माइकला मिळणारी वीज, बंद करून दाखवली आणि माइक मुका झाला. ‘डायनॅमिक असता तर चालू राहिला असता ताई, हा अस्सल मोठा कंडेन्सर आहे,’ असे तो म्हणाला. माइक डायनॅमिक, म्हणजे बाहेरच्या विजेशिवाय चालणारा, नाही, एवढेच त्यातून सिद्ध होत होते. शर्टाच्या बटणाएवढ्या एलेक्ट्रेट कॅप्सूललाही, म्हणजे कायमचा विद्युतभार साठवलेल्या, आवाज टिपणाऱ्या छोट्या डबीलाही, आतल्या ट्रान्झिस्टरसाठी वीज लागतेच. (एलेक्ट्रेट ही मुळात हलकी गोष्ट नव्हे. १९६२ साली बेल लॅब्जमध्ये सेसलर आणि वेस्ट यांनी ते तंत्र माइकसाठी सिद्ध केले आणि आज कितीतरी उत्तम माइक त्यावर चालतात. माझी तक्रार कॅप्सूलबद्दल नाही, लेबलाबद्दल आहे.)

त्यानंतर त्याने मला शांत खोलीत, हेडफोन लावून, माइकसमोर वाजवायला सांगितले. गेन, म्हणजे माइकचा आवाज वाढवण्याची पातळी, भरपूर चढवलेला असल्यामुळे गजाचा प्रत्येक स्पर्श ऐकू येत होता आणि मी हरखून गेले. दिशेसाठी माइक घ्यायला गेलेली मी त्याच्या पाठीमागे उभी राहून एक स्वरसुद्धा वाजवला नाही.

पहिल्याच कार्यक्रमात माइक शिट्टी मारू लागला, म्हणजे स्पीकरचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरून घुमू लागला. मॉनिटर (वादकांकडे तोंड केलेला स्पीकर) आम्ही माइकच्या बरोबर मागे, म्हणजे कार्डिऑइड जिथे सर्वांत बहिरा असतो तिथे ठेवला होता, तरीही व्हायोलिन ऐकू येईल इतका आवाज वाढवणे अशक्य झाले. विक्रेत्याने फोनवर सभागृहाला दोष दिला. तसे होऊ शकते, म्हणून मी महिनाभर मॉनिटर सरकवत राहिले. अखेर एका तालमीच्या ध्वनिमुद्रणात व्हायोलिनच्या ट्रॅकवर झांजा व्हायोलिनच्याच तोडीने वाजताना ऐकल्या आणि त्याच जागी आमचा जुना डायनॅमिक माइक लावताच शिट्टी थांबली, तेव्हा पाणी कुठे मुरते आहे ते कळले.

मग मी जी तपासणी केली, ती खरेदीच्या वेळीच पाच मिनिटांत होण्यासारखी होती. भिंतींवरून परतणारा आवाज गोंधळ करू नये म्हणून माइक मोकळ्या अंगणात उभा केला, गेन कायम ठेवला आणि हातभर अंतरावरून एकाच पट्टीत बोलत माइक स्वतःभोवती फिरवत नेला. खरा कार्डिऑइड ९० अंशांवर साधारण ६ डेसिबलने उतरतो आणि १८० अंशांवर मधल्या सुरांत त्याहून पुष्कळ जास्त. माझ्या माइकचा काटा पाठीकडे जेमतेम २ डेसिबल खाली आला. दुसरी खूण आणखी सोपी आहे आणि तिला मोजमापही लागत नाही. एका दिशेने ऐकणाऱ्या माइकच्या अगदी जवळ, दोन बोटांवर तोंड नेऊन बोलले की आवाजाला खर्ज चढतो. माझा आवाज जवळ गेल्यावर मोठा झाला, पण जाड झाला नाही.

कार्डिऑइडची दिशा त्याच्या पाठीत असते. कॅप्सूलच्या मागच्या छिद्रांतून शिरणारा आवाज आत थोडा रेंगाळतो, त्यामुळे मागून आलेला ध्वनी पडद्याच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी पोहोचतो आणि परस्पर कटतो. एकाच कॅप्सूलमधून हे साधणारा शुअरचा युनिडाइन १९३९ साली आला. गायकाने माइकची जाळी मुठीत धरली की शिट्टी वाजते, तीही हीच वाट बुजल्यामुळे.

शेवटी मी एक नग उघडला. एवढ्या मोठ्या जाळीच्या आत रबरी वाटीत घट्ट बसवलेली एक लहानशी कॅप्सूल होती, तिची पाठ पूर्ण बंद होती, एकही छिद्र नव्हते. मोठा डायफ्रॅम म्हणजे सुमारे २५ मिलिमीटर. हा त्याच्या निम्माही नव्हता. बटणांना तारा जोडलेल्याच नव्हत्या. बुडाशी मात्र डिंकाने चिकटवलेला एक लोखंडी तुकडा होता, तेच ते भरीव वजन.

विक्रेत्याने सील तुटल्याचे कारण सांगून हात वर केले. न उघडलेल्या नगाबद्दल मी फिरवण्याच्या तपासणीचे ध्वनिमुद्रण जोडून विक्रीच्या संकेतस्थळाकडे लेखी तक्रार केली, तेव्हा त्या एका नगाचे पैसे मिळाले. आलेखाचा उलगडा त्यानंतर झाला. तो एका प्रसिद्ध माइकच्या माहितीपत्रकातून जसाच्या तसा उचललेला होता.

ती जाहिरात काही दिवसांनी नाहीशी झाली आणि नंतर वेगळ्या नावाने, त्याच छायाचित्रांसह पुन्हा दिसली. आता त्यावर ‘सुपरकार्डिऑइड’, म्हणजे समोरून आणखी अरुंद ऐकणारा, असे लिहिले आहे. सुपरकार्डिऑइडच्या आलेखाला मागच्या बाजूस एक छोटी शेपटी असते. इथे आलेख मात्र तोच जुना, बिनशेपटीचा आहे.