बेचाळीस इंची रिफ्लेक्टर आणि ठाण्यातली पहाटेची शूट्स: एका सीझननंतर

तुळशीची लग्नं आटोपली आणि सीझन सुरू झाला, तेव्हा फोटोसाठी चेहऱ्यावर ऊन वळवणारा हा बेचाळीस इंची गोल, पाच-इन-वन रिफ्लेक्टर घेतला. आता मे संपत आलाय. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. हजार-दीड हजारांच्या टप्प्यातले हे सगळे जवळपास सारखेच असतात, फरक काय तो शिवणीत आणि चेनमध्ये. आत स्टीलच्या पट्टीवर ताणलेलं पातळ पांढरं कापड म्हणजे डिफ्यूजर (उजेड गाळून मऊ करणारा पडदा), त्यावर चढवायची उलटसुलट खोळ आणि खोळीच्या चार बाजू: पांढरी, चंदेरी, सोनेरी, काळी.

माझी प्री-वेडिंग बहुतेक पहाटेचीच. जोडपी कोपिनेश्वराला नमस्कार करून तलावपाळीवर, म्हणजे मासुंदा तलावाच्या काठावर येतात, नाहीतर थेट घोडबंदर किल्ला गाठतात. (खुद्द ठाण्याचा किल्ला म्हणजे आजचं मध्यवर्ती कारागृह. लग्नाआधीच तिथे जायची हौस अजून कुणी दाखवलेली नाही.) सूर्योदय जानेवारीत सव्वासातच्या सुमाराला, मे अखेरीस सहाच्या. म्हणजे मे महिन्यात नवरीच्या मेकअपवालीला साडेतीनला उठावं लागतं, आणि तिचा तो राग आपल्यावर निघतो.

एवढं करून हातात वेळ किती मिळतो? आपल्याकडे सूर्य जवळजवळ सरळ वर चढतो. क्षितिजापासून सहा अंश वर येईपर्यंतच ऊन मऊ असतं, आणि तेवढं यायला त्याला पंचवीस-तीस मिनिटं पुरतात. त्यात ठाण्याच्या पूर्वेला खाडीपलीकडे पारसिकची डोंगररांग आणि अलीकडे टॉवर. पंचांगातला सूर्योदय होऊन गेला तरी तलावपाळीवर ऊन पोचलेलं नसतं, आणि पोचतं तेव्हा त्याचा मऊपणा निम्मा गेलेला असतो. एवढ्या घाईत फ्लॅशची पॉवर आणि त्यावर लावायचे रंगीत कागद (जेल) जुळवत बसायला मला जमत नाही. रिफ्लेक्टरमध्ये जे दिसतं तेच फोटोत येतं, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण.

दुसरा गुण पहाटेपुरताच आहे. दुपारी रिफ्लेक्टर कमरेखाली धरावा लागतो, उजेड हनुवटीखालून येतो आणि माणूस भुतासारखा दिसतो. सूर्य खाली असताना तो छातीच्या उंचीवर जवळजवळ उभा धरता येतो. जोडपं सूर्याकडे पाठ करून उभं, केसांना सोनेरी कड आणि समोरून डोळ्यांच्या पातळीवर हलका उजेड. फरक बघायचा तर नथ बघा. बाजूने ऊन आलं की नथीतल्या मोत्यांची सावली वरच्या ओठावर पडते आणि क्लोजअपमध्ये मिशीसारखी दिसते. पांढरी बाजू तीन फुटांवर आणली की ती सावली विरते, मुंडावळ्यांच्या कपाळावरच्या रेघाही पुसट होतात, आणि मोत्यांची गोलाई मात्र तशीच राहते. हे एडिटिंगमध्ये करायला बसलात तर एका फोटोला अर्धा तास जातो.

आता बाजूंबद्दल. दुकानदार सोनेरी बाजू आधी दाखवतो, आणि तीच सगळ्यात निरुपयोगी. पहाटेचं ऊन मुळात दोन-तीन हजार केल्विनचं, तांबूस. त्यावर सोनेरी चढवलं की हळद न लागताच नवरी पिवळी होते, आणि व्हाइट बॅलन्स (फोटोतल्या रंगांचा पिवळा-निळा कल) ओढून चेहरा सावरावा तर पैठणीचा रंग बिघडतो. चंदेरी बाजू पहिली दहा मिनिटं कामाची, ऊन अगदी कोवळं असतं तेव्हा. पुढे डोळे चुरचुरतात, पाणी येतं, काजळ पसरतं, शिवाय साडीची जर झगझगून पांढरी पडते. तिथून पुढे पांढरी. काळी बाजू बरेच जण खोळीतून बाहेरच काढत नाहीत, पण तलावपाळीवर समोर मोकळं आकाश असल्याने उजेड सपाट पडतो, तेव्हा ती एका बाजूला धरली की गालाचं हाड दिसायला लागतं. सूर्य थेट लेन्समध्ये येत असेल तर वरून आडोसा म्हणूनही चालते.

घोडबंदरला गोष्ट उलटी. पोर्तुगीजांचा, १७३७ मध्ये मराठ्यांकडे आलेला हा किल्ला खाडीलगत आहे. भिंतींचा काळपट दगड उजेड परत देत नाही, तो गिळतो. तिथे रिफ्लेक्टरशिवाय सावलीतले चेहरे कोळसा होतात. पण खाडीचा वारा सुटला की बेचाळीस इंचाचं हे शीड धरायला धट्टाकट्टा माणूस लागतो. नवऱ्याचा भाऊ हा सर्वांत स्वस्त असिस्टंट. फक्त त्याचा मोबाइल आधी काढून घ्या. आणि परवानगीचं आदल्या दिवशीच विचारून ठेवा. नुसत्या कॅमेऱ्याकडे कुणी बघत नाही, पण रिफ्लेक्टर उघडला की वॉचमन हजर.

तक्रारी आहेत. पांढऱ्या बाजूचा परिणाम चार फुटांपलीकडे जाणवत नाही. दोघांचा पूर्ण उंचीचा फोटो असेल तर हा आकार अपुरा, कमरेपर्यंत ठीक. खोळीची चेन फेब्रुवारीतच अडकायला लागली, मेणबत्ती घासल्यावर चालते. घडी घालायची म्हणजे दोन्ही हातांनी आठच्या आकड्यासारखा पीळ द्यायचा. जमलं की दोन सेकंदांचं काम, नाहीतर पाहुण्यांची करमणूक. घडी झाल्यावरही तो स्कूटरच्या डिकीत मावत नाही, खांद्यालाच लटकवावा लागतो.

गंभीर गोष्ट एकच: खाऱ्या हवेने शिवणीतून गंज उतरतोय आणि पांढऱ्या कापडाच्या कडेला तपकिरी डाग पडलेत. उजेडावर अजून परिणाम नाही, पण पावसाळ्यात तो वाढणार. म्हणून खोळ वेगळी धुऊन, पट्टी कोरडी पुसून, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर प्लास्टिकच्या डब्यात ठेवून देणार आहे. पुढच्या सीझनला हाच आकार घेईन, मात्र नुसता पांढरा-चंदेरी, हँडलवाला मिळाला तर.